जरा जोरात बोल

ज्यांना विश्वास ठेवायचा नसेल, त्यांनी ठेवू नका. मी वाद घालणार नाही.

पण हे जिच्यासोबत घडलं ती माझी मावसबहीण आहे. सुकन्याला मी ती फ्रॉक घालायची तेव्हापासून ओळखते. तिला खोटं बोलता येत नाही. बोललीच तर कान लाल होतात.

हे सगळं सांगताना तिचे कान लाल नव्हते. चेहरा मात्र पांढराफटक होता.

मागच्या वर्षीचा एप्रिल महिना. जागा भिवंडी. आणि रात्र नव्हती, अमावास्याही नव्हती. भर दुपार होती. शुक्रवारची.

शुक्रवारच का, ते आधी सांगते.

भिवंडीत जो राहिलाय त्याला माहीत आहे, तिथे शांतता नावाची गोष्ट नसते. गल्ली गल्लीत कापड विणायचे लूम. दिवस-रात्र तो खडखडाट. भिंतीला हात लावला तरी हाताला थरथर लागते. फक्त शुक्रवारी लूम बंद असतात. त्या एका दिवशी सगळी गल्ली अशी गप्प होते, की आपलाच श्वास आपल्याला ऐकू येतो.

आणि सुकन्याला शांतताच हवी होती. तिला आवाज रेकॉर्ड करायचा होता.

सुकन्या मूळची तिथल्याच वळ गावची. जमीन गोडाऊनवाल्यांना गेली, मागोमाग वडील गेले, मग आई. भाऊ धनेशशी वाजलं. काय झालं ते इथे नको. ती बॅग भरून निघाली आणि वडप्याच्या एका गोडाऊनमध्ये कामाला लागली. दिवसभर खोक्यांवर स्कॅनर मारायचा. टीं... टीं... टीं. आठ तासांच्या ड्युटीत तोंडून चार वाक्यं निघाली तर खूप.

एकदा माइकवर बोलणारा माणूस रजेवर होता. सुपरवायझरने तिला उभं केलं. "गाडी नंबर अमुक, गेट तीनवर लावा." एवढंच बोलली. खाली एक ड्रायव्हर मान वर करून म्हणाला, "कोण बोललं? रेडिओ लावला काय?"

बस. तेवढ्या एका वाक्यावर या पोरीने ठरवलं. आपण व्हॉइसओव्हर आर्टिस्ट व्हायचं.

मृणाली मॅडमचा ऑनलाइन क्लास लावला. दहा महिने एक दिवस चुकवला नाही. दातात पेन्सिल धरून वर्तमानपत्र वाचायचं. तोंडासमोर मेणबत्ती धरून 'प' आणि 'फ' म्हणायचे, ज्योत हलता कामा नये. एका श्वासात किती शब्द जातात ते मोजायचं. आणि सगळ्यात अवघड म्हणजे गावची बोली काढून टाकायची.

"हाय नाही सुकन्या. आहे."

"आहे."

"पानी नाही. पाणी."

"पाणी."

दहा महिन्यांत तिची जीभ पार बदलली. इतकी, की एकदा मन घट्ट करून तिने धनेशला फोन लावला, वहिनीने उचलला आणि म्हणाली, "कोन बोलतंय? राँग नंबर हाय."

सुकन्याने फोन ठेवून दिला. परत लावला नाही.

मीही त्या वर्षभरात तिला एकदाही फोन केला नव्हता. हे लिहिताना लाज वाटते, पण खरं ते खरं.

तर, ती राहत होती एका बंद पडलेल्या लूमच्या शेडवर. खाली लूम भंगारात गेलेले, शेडला कुलूप. बाहेरून लोखंडी जिना, वर एकच खोली. मालक गुलाम हुसेन चाचा, पिढ्यान् पिढ्या लूमच्या धंद्यातले. खोलीत आधीच्या भाडेकरूची एक लाल प्लास्टिकची खुर्ची तेवढी पडून होती.

मार्च संपता संपता मॅडमचा फोन आला. मुंबईच्या एका स्टुडिओला मराठी पुस्तकं वाचायला नवा आवाज हवा होता. तीन मिनिटांचा उतारा पाठवायचा. मुदत पंचवीस दिवस.

"तुझं सगळं चांगलं आहे," मॅडम म्हणाल्या. "पण तू भिंतीशी बोलल्यासारखी वाचतेस. ऐकणारा दिसत नाही तुला. असं कर, समोर एक खुर्ची ठेव. तिच्यात कोणीतरी बसलंय असं समज. तुझं जवळचं. त्याला सांग."

"कोणाला, मॅडम?"

"कोणालाही. आई, भाऊ, मैत्रीण..."

सुकन्याने खूप विचार केला. आईचा चेहरा आणला की रडू यायचं, वाचता येईना. भावाला बसवायचं नव्हतं. मैत्रीण नव्हती.

म्हणून तिने खुर्ची नुसतीच ठेवली.

रिकामी. कोणीही बसा म्हणून.

पहिला शुक्रवार.

दुपारचे अडीच वाजले असतील. जुम्म्याची नमाज होऊन गल्ली पुन्हा सामसूम झाली होती. तिने खिडकीवर गोधडी टांगली, पंखा बंद केला. खुर्ची पार समोरच्या भिंतीला टेकवून ठेवली. उतारा वाचला. चांगला झाला, तिला आतून कळलं.

मग हेडफोन लावून ऐकलं...

आवाज लांबून येत होता. विहिरीच्या तळातून यावा तसा.

माइक तपासला. वायर तपासली. सगळं ठीक. परत वाचलं, मुद्दाम मोठ्याने. परत तेच.

वैतागून ती उठली आणि तिचं लक्ष खुर्चीकडे गेलं.

खुर्ची भिंतीला टेकलेली नव्हती.

दोन लाद्या पुढे होती.

आपल्याच पायाने सरकली असेल, असं तिने मनाला सांगितलं. पण ती तर तिकडे गेलीच नव्हती.

दुसरा शुक्रवार. या वेळी तिने खडूने खुर्चीच्या चारही पायांभोवती खुणा केल्या. हसू येत होतं स्वतःचं. वाचायला बसली. अर्धा उतारा झाला. घाम डोळ्यांत उतरत होता. तिने क्षणभर डोळे मिटून पुसले.

उघडले...

खुर्ची खोलीच्या मधोमध होती.

ओढल्याचा आवाज नाही. घासल्याचा आवाज नाही. प्लास्टिकची खुर्ची लादीवरून सरकली तर केवढी करकरते! काहीच नाही. खडूच्या खुणा तिकडे, खुर्ची इकडे. आणि जराशी तिरकी. एखादा माणूस एक कान पुढे करून बसावा, तशी.

सुकन्या तशीच जिना उतरून खाली पळाली. संध्याकाळपर्यंत शेजारच्या शेडच्या ओट्यावर बसून राहिली. तिला सांगावं असं त्या गल्लीत कोणी नव्हतं. फोन हातात घेतला, नावं वर-खाली केली, खिशात टाकला.

अंधार पडायच्या आत वर गेली, कारण दुसरीकडे जायला जागाच नव्हती. खुर्ची उचलून बाहेर जिन्यावर ठेवली. झालेलं रेकॉर्डिंग न ऐकताच मॅडमना पाठवून दिलं.

दुसऱ्या दिवशी मॅडमचा फोन.

"सुकन्या, आवाज फारच बारीक येतोय. माइकपासून लांब बसतेस का? आणि रेकॉर्डिंगच्या वेळी घरच्यांना बाहेर बसवत जा गं."

"घरचे? मॅडम, मी एकटी राहते."

"मग ते काका कोण? सारखे मध्ये बोलतायत."

सुकन्याने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"काय... काय बोलतायत?"

"अगं, प्रत्येक वाक्यानंतर. 'हां? जरा जोरात बोल.' ऐकू कमी येतं का त्यांना?"

तिने फोन ठेवला आणि तडक गुलाम हुसेन चाचांचं घर गाठलं.

चाचा दारातच बसले होते. तिने काही लपवलं नाही. खुर्ची, आवाज, सगळं सांगितलं. तिला वाटलं, ओरडतील, नाहीतर हसतील. चाचा कितीतरी वेळ हातातल्या चष्म्याच्या काड्या उघडत-मिटत राहिले.

"दौलत," ते म्हणाले. "बेटी, तो दौलत मुकादम."

"कोण?"

"माझ्याकडे पस्तीस साल लूमवर होता. गणेशपुरीकडचा. सोन्यासारखा माणूस. लूमच्या आवाजाने कान गेले त्याचे. सगळ्यांचेच जातात थोडे, याचे पुरे गेले. बायको वारली तसा वरच राहायला लागला. लूम बंद पडले तरी गेला नाही. म्हणायचा, सेठ, मी कुठं जाऊ?"

"आणि?"

"त्याची मुलगी आहे, माधवी. दर शुक्रवारी दुपारी तिचा फोन यायचा. लूम बंद असतात ना, बापाला ऐकू येईल म्हणून. तो खुर्चीत बसून फोन कानाला लावायचा आणि ओरडायचा, 'हां? जरा जोरात बोल गं!' पुरी गल्ली हसायची. मीपण हसायचो." चाचांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "दोन साल झाले. शनिवारी सकाळी चहाला खाली आला नाही म्हणून मी वर गेलो. खुर्चीत बसला होता. फोन कानालाच होता."

सुकन्या तिथेच पायरीवर टेकली.

"तुला आधी सांगायला पाहिजे होतं. माफ कर बेटी. माणूस गेलेल्या खोलीला कोणी भाडेकरू मिळत नाही."

चाचांकडून तिने माधवीताईंचा नंबर घेतला. ती दुसरी खोली बघू शकली असती. पण मुदत संपायला एकच शुक्रवार उरला होता आणि दहा महिने त्या तीन मिनिटांसाठी घालवले होते. शिवाय, ती मला म्हणाली, "भीती होतीच गं. पण इतक्या महिन्यांत माझं बोलणं ऐकायला कोणीतरी जवळ सरकलं होतं... हेही डोक्यातून जात नव्हतं."

तिने फोन लावला. माधवीताईंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "त्या खोलीत मी न्हाय यायची. मला न्हाय जमायचं."

"येऊ नका, ताई. फक्त एक सांगा. त्या शेवटच्या शुक्रवारी तुम्ही त्यांना काय सांगत होता?"

पलीकडे, लांब कुठेतरी एसटीचा हॉर्न वाजला.

"काय सांगनार? रोजचंच. भाताची लावनी झाली. गाय व्याली, कालवड झाली. तुजी नात दहावी पास झाली. पाय सुजतात का अजून..." ताईंचा आवाज फुटला. "वीस मिन्टं बोलली मी. आनी त्या दिवशी बाबा एकदापन 'जोरात बोल' म्हनला न्हाय. मला वाटलं, आज समदं ऐकू येतंय बाबाला. मी किती खूष झाली गं... फोन ठेवला आनी घरात सगल्यांना सांगितलं, आज बाबाला ऐकू आलं."



तिसरा शुक्रवार.

सुकन्याने जिन्यावरची खुर्ची स्वतः आत आणली. भिंतीला टेकवली. माइक चालू केला. उतारा वाचायला लागली.

स्क्रीनवर तिच्या आवाजाची रेघ हलायला हवी होती. उंच-सखल, नेहमीसारखी.

रेघ सरळ होती.

ती आणखी मोठ्याने वाचू लागली. घसा ताणून. रेघ सरळच. तिचा आवाज माइकपर्यंत पोहोचतच नव्हता. मध्येच कोणीतरी सगळाच्या सगळा पिऊन टाकत होतं.

तिने मान वळवली.

खुर्ची तिच्या शेजारी होती.

शेजारी म्हणजे... हात लांब करायची गरज नाही, इतकी. तिच्या गुडघ्याला खुर्चीचा पाय लागत होता. प्लास्टिकची बैठक मधोमध दबली होती. खोलीत पंखा बंद, खिडकीवर गोधडी, वारा म्हणून नाही... आणि तिच्या गालाजवळची हवा थंड होती. कोणीतरी अगदी जवळ कान आणावा आणि वाट पाहावी, तशी.

मग तिला ते ऐकू आलं. हेडफोनमधून नाही. शेजारून.

"हां...?"

सुकन्याला उठता येईना. तिने तोंड उघडलं आणि मॅडमनी शिकवलेल्या स्वच्छ, सुंदर मराठीत म्हणाली, "काका, लावणी झाली आहे."

"हां...? जरा जोरात..."

"लावणी पूर्ण झाली आहे!"

"हां...?"

तेव्हा तिच्या लक्षात आलं. ही भाषा त्याची नाही. अशा भाषेत त्याच्याशी कधी कोणी बोललंच नव्हतं.

तिने डोळे मिटले. छातीत श्वास भरला. आणि दहा महिने जिभेवरून खरवडून काढलेलं सगळं एकदम वर आलं. वळच्या बांधावरून हाक मारायची, तशी ती ओरडली,

"बाबा! लावनी झाली हाय! समदी झाली! गाय व्याली, कालवड झालीय! तुजी नात पास झाली रं बाबा, धावी पास झाली! पाय सुजतात का तुजे अजून? औषिद घेतोस का न्हाय?"

ती ओरडतच राहिली. किती वेळ, तिला माहीत नाही. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. आईला जे सांगायचं राहून गेलं होतं तेही त्यात आलं असेल. तिला आठवत नाही.

घसा बसला तेव्हा ती थांबली.

कुठेच काही आवाज नाही.

मग... खुर्चीच्या प्लास्टिकने 'कट्' केलं. बसलेला माणूस उठला की होतं तसं. दबलेली बैठक वर आली.

आणि दाराकडून, अगदी हळू,

"आलं... ऐकू आलं."

ती उठली. मग पाणी प्यायली, मीठ टाकून गुळण्या केल्या आणि बसलेल्या घशानेच उतारा वाचला. एकाच टेकमध्ये. रेघ नाचत होती. आवाज खणखणीत आला होता, घोगरा, पण भरलेला.

तो स्टुडिओने निवडला. मॅडम म्हणाल्या, "आता कुठे तू कोणाशी तरी बोललीस."

चार दिवसांत सुकन्याने खोली सोडली. पुढचा शुक्रवार यायच्या आत ती ठाण्याला एका हॉस्टेलवर होती.

इथे गोष्ट संपली असती, तर मी ती लिहिलीच नसती.

त्या तिसऱ्या शुक्रवारी माइक चालूच राहिला होता. आधी रेघ सरळ होती, तरी तिचं ते ओरडणं मात्र सगळं रेकॉर्ड झालं होतं. माधवीताईंना ऐकवावं म्हणून ती मे महिन्यात ताईंच्या सासरी, गणेशपुरीला गेली. ताईंनी ओटीवर बसायला दिलं, चहा दिला. सुकन्याने मोबाईल दोघींच्या मध्ये ठेवला आणि चालू केलं.

ताई पदर तोंडाला लावून ऐकत होत्या. लावणी. कालवड. नात. औषध. मग आवाज थांबला. सुकन्या मोबाईल बंद करायला वाकली...

रेकॉर्डिंग संपलं नव्हतं.

मोबाईलमध्ये तिचाच आवाज पुन्हा आला. आता ओरडत नव्हता. शांत होता.

"बाबा, बॅग भरून तयार ऱ्हा. पुढच्या शुक्करवारी येते मी तुला न्यायला."

मग 'कट्'. मग, "आलं... ऐकू आलं."

सुकन्याने ते वाक्य म्हटलेलं नव्हतं. ती आजही शपथेवर सांगते. तिच्या डोक्यातसुद्धा ते नव्हतं.

माधवीताईंनी हातातला कप खाली ठेवला.

"हे तुला कोनी सांगितलं?"

"कोणी नाही, ताई."

"ह्येच दर शुक्करवारी व्हटावर यायचं माज्या. दर शुक्करवारी. पन सासरचं घर... कुठं ठेवू, कोन काय बोलंल... फोनवर एकदापन बोलली न्हाय मी. कोनालाच बोलली न्हाय." त्या सुकन्याकडे बघायला तयार नव्हत्या. "तू कशाला शबुद दिलास त्याला?"

"ताई, मी नाही दिला."

"आवाज तुजाच हाय."



जूनमध्ये चाचांचा फोन आला. खोलीत त्यांनी लूमवरचे दोन कामगार ठेवले होते. तिसऱ्या आठवड्यात दोघं निघून गेले. चाचा स्वतः एका शुक्रवारी गल्लीत जाऊन उभे राहिले.

"बेटी, नमाज झाली की वरचं दार उघडतं," ते म्हणाले. "मग जिन्यावर चपला वाजतात. एक एक पायरी. खालच्या पायरीपर्यंत येतात आणि थांबतात. दिसत काही नाही. पण थांबलेलं कळतं. पाच-सव्वापाचला असरची अजान होईपर्यंत तिथंच. मग परत एक एक पायरी वर. दार लागतं."

सुकन्याने हॉस्टेलच्या खोलीचं दार लावून घेतलं.

"दर शुक्रवारी, बेटी. कोणाची तरी वाट बघतो. तू त्याला काही बोलली होतीस का?"

तिला 'हो' म्हणता आलं नाही. 'नाही'ही म्हणता आलं नाही.

माधवीताई आता तिचा फोन उचलत नाहीत. चाचांनी खोलीला कुलूप लावलंय. ते म्हणतात, कुलपाने काही फरक पडत नाही.

मागच्या महिन्यात सुकन्या माझ्याकडे आली होती. आता तिची तीन पुस्तकं वाचून झालीत, आवाजाला नाव मिळतंय. जेवणं झाली आणि तिने मला हे सगळं सांगितलं. मी म्हटलं, "अगं, मग एकदा जाऊन ये ना. चल म्हण त्यांना. सुटतील बिचारे."

ती खिडकीबाहेर बघत होती.

"जाईन गं," ती म्हणाली. "पण नेऊ कुठे?"

'माझ्याकडे आण' हे माझ्या ओठांवर आलं होतं. भिंतीवरच्या घड्याळाकडे लक्ष गेलं आणि गप्प बसले.

पावणेतीन वाजले होते. शुक्रवार होता.